अकरा महिन्यांत निकाल

१

"हे खोटं आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला, परत उचलला, परत वाचला. "कुणी लिहिलं हे?"

"न्यायाधीशांनी," वकीलबाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी. तुमच्याच केसमध्ये."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघा चोळत बसलो होतो. एकतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, दुखरा गुडघा आणि धुळीची शिंक. रिटायर झाल्यावर घरी बसून सुनेच्या डोक्याला ताप नको म्हणून मी या वकीलबाईंकडे यायला लागलो. जुने कागद शोधून द्यायचे, एवढंच काम. कोर्टात मला सगळे दप्तरकाका म्हणतात. खरं नाव पेन्शनच्या पुस्तकात असेल.

ताईंचा नवरा एका मोठ्या लाँड्रीत कामाला होता. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी चार मजली लाँड्री. सात वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर मालाच्या लिफ्टचं दार उघडलं, समोर लिफ्ट नव्हती, आणि तो खाली गेला तो गेलाच. यंदा त्याच दारातून आणखी एक जण पडला. त्याचा पाय गेला, जीव वाचला. मग सरकारी तपासणी झाली आणि अहवालात लिहून आलं की या दाराचं कुलूप बसवल्या दिवसापासूनच सदोष आहे, त्याची जीभ तारेनं बांधून ठेवलेली आहे. त्या अहवालाच्या जोरावर वकीलबाईंनी लिफ्ट कंपनीवर दावा लावला. इतक्या वर्षांनी दावा लावता येतो का, हे मुदतीचं भांडण आम्ही नाकी नऊ येऊन जिंकलो होतो. जरा श्वास घ्यावा म्हटलं, तर आज कंपनीच्या वकिलांचा हा दोन पानी अर्ज आला, सोबत जुन्या निकालाची नक्कल जोडून.

अर्जाचं म्हणणं सोपं होतं. ताईंनी पूर्वी लाँड्रीच्या मालकावर दावा लावला होता. तेव्हा प्रश्न निघाला होता की लिफ्ट ठीक होती का. कोर्टानं सांगितलं, ठीक होती. मयतानं लिफ्ट नसतानाही दार उघडणारी आणीबाणीची चावी घेऊन ते स्वतः उघडलं, सबब चूक त्याची स्वतःची. झालं, विषय संपला.

"पण ती केस मालकावर होती," ताई म्हणाल्या. "ही कंपनी वेगळी आहे ना?"

"समोरचा माणूस वेगळा, ताई, पण प्रश्न तोच." वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे दाबले. "एकदा तुम्हाला लढायची पुरेपूर संधी मिळाली आणि एखाद्या प्रश्नाचा निकाल लागला, की तोच प्रश्न माणूस बदलून परत विचारता येत नाही. नाहीतर लोक कुठंतरी जिंकेपर्यंत एकेकाला कोर्टात ओढत बसतील. कायदा वाईट नाहीये."

"मग मी काय वाईट केलं?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"भावजी मला म्हणाले होते, कागदात काहीतरी कमी पडलं म्हणून केस फेटाळली," ताई म्हणाल्या. "त्यांच्या नावानं मुखत्यारपत्र करून दिलं होतं मी. सात वर्षं मी पोरीला सांगतेय, तुझ्या बाबांची चूक नव्हती. आणि लाँड्रीतले लोक रस्त्यात भेटले की मान खाली का घालायचे, ते आज कळतंय. मला दुसरं काही नको हो. हे वाक्य पुसलं गेलं पाहिजे."

"तुम्ही कोर्टात किती वेळा गेला होता?" मी विचारलं.

"एकदाच. बाहेर बसले होते. भावजी म्हणाले, आत यायची गरज नाही."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. अर्जाची सुनावणी शुक्रवारी होती आणि आज सोमवार संपत आला होता.

"दप्तरकाका," त्या म्हणाल्या, "जुनी फाइल बघून या. तिला खरोखर लढायला मिळालं होतं का, एवढंच बघा. मिळालं असेल तर मी हात टेकले."

२

माझ्या जागेवर आता जो कारकून बसतो त्यानं फाइल आणून टाकली. इतकी बारीक फाइल, की मला वाटलं अर्धी कुठंतरी राहिली. पण अनुक्रमणिका बरोबर होती. सगळी पानं जागेवर.

मुखपृष्ठावर फाइल बांधणाऱ्या कारकुनाची सही असते. ती माझी होती.

मग तारखा बघितल्या आणि पाठ ताठ झाली. दावा दाखल झाल्यापासून अकरा महिन्यांत निकाल! अहो, या कोर्टात दोन शेजाऱ्यांच्या भिंतीचा वाद चौदा वर्षं चालतो. इथं एकदाही, एकाही बाजूनं, तारीख वाढवून मागितलेली नव्हती. वकील आजारी नाही, साक्षीदार गावाला गेला नाही, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन नाही. मी जन्मात अशी केस बघितली नव्हती. जिथं दोन माणसं खरोखर भांडतात तिथं कुणीतरी तारीख मागतोच.

साक्षीदार दोनच. ताईंच्या बाजूनं त्यांचा दीर, तोही त्याच लाँड्रीत मुकादम. समोरून मॅनेजर. उलटतपासणी तीन ओळींची. आणि सगळा निकाल ज्याच्यावर उभा होता तो कागद म्हणजे चावीच्या वहीतलं एक पान. निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, स्वच्छ, एक डाग नाही. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आणीबाणीची चावी नेली, खाली मयताची सही. आणि त्या पानावर ताईंच्याच वकिलांनी लिहून दिलं होतं, 'हरकत नाही.'

आपल्या अशिलाला बुडवणारं पान, आणि हरकत नाही? वा रे वा.

मी पानं उलटत राहिलो. डोळे थकले की माझी बोटं वाचतात, तशी सवयच आहे. डाव्या कडेच्या भोकांवरून बोट फिरलं आणि थांबलं. इथं एक सांगायला हवं. आमच्या काउंटरवर बिनभोकाचा कागद घेत नाहीत. भोकं वकिलाच्या ऑफिसातच पाडून आणायची, आम्ही फक्त दोऱ्याचा टॅग ओवायचा. एकतीस वर्षं मी लोकांना याच्यावरून परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या. त्यामुळे प्रत्येक ऑफिसच्या भोकांची तऱ्हा वेगळी असते.

ताईंच्या दाव्याच्या कागदांना खालचं भोक वरच्यापेक्षा कडेला सरकलेलं होतं, आणि ते पुरतं कापलेलंही नव्हतं. कापलेली टिकली एका बाजूनं लटकून राहिली होती. मशीनचं एक पातं बोथट आणि पट्टी निसटलेली.

मी मालकाची कैफियत काढली. सही एका दुसऱ्याच वकिलाची. तो बिचारा पुढच्याच वर्षी वारला.

खालचं भोक सरकलेलं. टिकली लटकलेली.

दावा आणि त्याचं उत्तर, दोन्ही एकाच मशीनखालून निघालं होतं.

३

ताईंचे तेव्हाचे वकील आता प्रॅक्टिस करत नाहीत. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते टीव्ही मोठ्यानं लावून झोपले होते. सूनबाईंनी टीव्ही बंद केला तसे जागे झाले.

"दप्तर? तू अजून जिवंत आहेस?"

"तुमच्याइतकाच," मी म्हटलं.

हसले. मग मी केसचं नाव काढलं आणि हसू मावळलं. बराच वेळ ते हातातल्या रिमोटची बटणं चाचपत बसले.

"तेव्हा माझी बायको गेली होती," ते म्हणाले. "वर्ष दीड वर्ष मी कोर्टात जायचो आणि यायचो. काय करायचो, देवाला ठाऊक. कागद तयार होऊन यायचे, मी सही करायचो."

"तुमच्या ऑफिसात तयार व्हायचे?"

"माझं ऑफिस कुठलं? टायपिस्ट सोडून गेली होती. मला वाटलं, त्या लोकांच्या ओळखीतला कुणीतरी भला वकील मदत करतोय आणि नाव माझं लागतंय. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

"आणि 'हरकत नाही'?"

"तेही टाइप होऊन आलं होतं का? नाही, ते मी हातानं लिहिलं." त्यांनी मान फिरवली. "तो म्हणाला, काका, एवढं लिहून द्या. घरच्याच माणसानं सांगितलं, मी लिहिलं. लाज वाटते रे मला. कोर्टात येऊन बोलायला सांगू नकोस, माझ्याच्यानं उभं राहवत नाही."

"कोण म्हणाला लिहून द्या? कागद कोण आणायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ते आधीच माहीत असायला हवं होतं.

"तिचा दीर. सख्खा दीर. दुसरं कोण?"

४

लाँड्रीच्या तिसऱ्या मजल्यावर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ चढली. मी आंधळ्यागत उभा. कुणीतरी माझा दंड धरून बाजूला ओढलं, कारण मागून ट्रॉली येत होती.

"बाजूला व्हा हो! त्याला दिसत नाही मागचं."

ट्रॉली ओढणारा माणूस पाठमोरा चालत होता. ओल्या चादरींचा ढीग त्याच्या डोक्याइतका उंच.

मला ओढणाऱ्या मावशी रोलरच्या इस्त्रीवर वीस वर्षं आहेत. हात कोपरापर्यंत लाल. मी खरं ते सांगितलं, ताईंकडून आलोय. त्यांनी रोलर थांबवला नाही, चादर सरकवता सरकवताच बोलल्या.

"भला माणूस होता. चावीबिवी काही नाही हो, ते दार कधीकधी आपोआपच उघडायचं. ओली ट्रॉली ढकलता येत नाही, ओढावी लागते. मागे हात करून दार ओढायचं, उघडलं म्हणजे लिफ्ट आली, असंच धरून सगळे चालतात. तोही तसाच गेला, पाठमोरा."

"हे तुम्ही तेव्हा कुणाला सांगितलं नाही?"

"मला कुणी विचारलं?"

मी चावीची वही कुठं असते ते विचारलं. त्यांनी हनुवटीनं दाखवलं. लिफ्टच्या दाराजवळ खिळ्याला वही टांगलेली, फुगून जाड झालेली, आणि दोऱ्याला बांधलेली एक पेन्सिल. नीट बघितलं तर सगळीकडे पेन्सिलीच. ट्रॉलीच्या पाटीवर पेन्सिल, मावशींच्या कानावर पेन्सिल.

"पेन का नाही ठेवत?"

"इथं?" मावशींना हसू आलं. "इथं कागद ओला चिंब असतो. शाई फुटते आणि बॉलपेन नुसता घसरतो, उमटतच नाही. मी आले तेव्हापासून या मजल्यावर कुणी पेननं लिहिलेलं नाही."

मी पान उलटून बघितलं. पेन्सिल, पेन्सिल, पेन्सिल. आणि कोर्टातलं ते पान निळ्या बॉलपेनचं, डाग नसलेलं. ते पान या मजल्यावर लिहिलेलंच नव्हतं. कुठंतरी कोरड्या खोलीत, टेबलावर बसून कुणीतरी लिहिलं होतं.

"तेव्हा वही कोण ठेवायचं, मावशी?"

"मुकादम. त्याचाच धाकटा भाऊ. आता वर असतो, स्टोअरला. तुमचा तो निकाल लागला आणि महिनाभरात वर गेला." त्यांनी चादर जरा जास्तच जोरात ओढली. "खाली उतरत नाही तो. या मजल्यावर तर पाऊल टाकत नाही. जिन्यानं जातो येतो, लिफ्ट वापरत नाही."

चौथा मजला कोरडा होता. स्टोअरमध्ये एक पन्नाशीचा, वाळलेला माणूस साबणाच्या पिंपांची यादी तपासत होता. मी दारात उभा राहिलो. नाव सांगितलं नाही, काम सांगितलं नाही, घसा खाकरला फक्त.

त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वहिनीनं पाठवलंय का तुम्हाला?" तो म्हणाला.

५

त्यानं पुढं ताकास तूर लागू दिली नाही. निकाल लागलाय, झालं गेलं, मला काम आहे. मी जिन्यानं उतरलो, गुडघ्याला शिव्या देत.

बुधवारी दुपारी मी वकीलबाईंसमोर सगळं मांडलं. अकरा महिने. 'हरकत नाही.' पेन्सिलीच्या वहीतलं पेनचं पान. आणि दोन्ही बाजूंची तीच भोकं. त्यांच्या पुढ्यातला चहा गार होऊन गेला होता.

"म्हणजे कुस्ती ठरवून झाली," त्या म्हणाल्या. "पण कुणी ठरवली? मालकानं?"

"मला तेच कळत नाहीये, बाई. मालकाला स्वतःला वाचवायचंच असतं तर त्यानं लिफ्ट कंपनीकडे बोट दाखवलं असतं. मी काय करू, लिफ्ट त्यांनी बसवली, देखभाल त्यांची. प्रत्येक मालक हेच म्हणतो. यानं एकदाही कंपनीचं नाव काढलं नाही. साऱ्या फाइलीत त्या कंपनीचं नाव कुठंच नाही."

बोलता बोलता मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो. सवय. पसरलेले कागद मला बघवत नाहीत. कंपनीचा तो दोन पानी अर्ज उचलला, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, आणि अंगठा डाव्या कडेवर गेला.

खालचं भोक सरकलेलं. आणि टिकली, एका बाजूनं लटकलेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "बसा, काका. पाणी देऊ?"

मी जुन्या फाइलीतल्या दोन पानांच्या नकलेवर मूळ भोकं पेन्सिलनं गिरवून आणली होती. ती खाली ठेवली, वर अर्ज ठेवला. तिन्ही कागदांची भोकं एकावर एक बसली.

"पुलाजवळचं ऑफिस," मी म्हटलं. "कंपनीचे आजचे वकील. सहा वर्षांपूर्वी ताईंचा दावाही त्यांनीच लिहिला आणि मालकाचं उत्तरही त्यांनीच. मशीन अजून बदललेलं नाही, कंजूष मेले."

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या.

"कंपनीला कुलूप ठाऊक होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "ताई आज ना उद्या आपल्यावर येणार हेही ठाऊक होतं. खरी केस लढली गेली असती तर तार बाहेर आली असती. मग ताईंनी त्यांच्यावर येण्याआधी त्यांनी हाच प्रश्न दुसऱ्याच माणसाविरुद्ध विचारून घेतला. विचारणारे तेच, उत्तर देणारे तेच. मालकाला काय, फुकटात सुटका मिळत होती. एकदा निकाल लागला की ताईंचं तोंड कायमचं बंद. आणि परवा तेच कोर्टात सांगणार, बाईंना पुरेपूर संधी मिळाली होती!"

इतका राग मी त्यांना येताना कधी बघितला नव्हता. मला मात्र राग नाही आला, मला थकवा आला. तो टॅग मी ओवला होता. ही भोकं माझ्या बोटांखालून गेली होती, आणि मी बहुतेक जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होतो.

"चालेल ना हे?" मी विचारलं.

"लबाडीनं मिळवलेला निकाल आडवा येत नाही. पण नुसत्या भोकांवर कुठला न्यायाधीश उठणार नाही. माणूस लागेल, काका. ते पाकीट हातात घेऊन गेलेला माणूस."

६

ताईंनी त्याला स्वतः फोन केला. एवढंच म्हणाल्या, "भावजी, वकीलबाईंकडे या." तो गुरुवारी दुपारी आला. खुर्ची दिली तर कडेवर बसला.

मी आधी चावीचं पान त्याच्यासमोर ठेवलं.

"सही कुणाची आहे ही?"

"दादाची."

"तिसऱ्या मजल्यावर पेन चालतो का?"

त्यानं पान उलटं करून ठेवलं. ताई त्याच्याकडे बघत होत्या, पदराच्या टोकाला पीळ घालत.

"भावजी, तुम्ही त्यांना खांदा दिलात," ताई म्हणाल्या. "माझ्या पोरीला शाळेत तुम्ही सोडायला जायचात. खरं सांगा. मी ओरडणार नाही."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मीच मारलं दादाला," तो म्हणाला.

ताईंच्या हातातला पदराचा पीळ सुटला.

"त्या दिवशी मी ट्रॉली घेऊन खाली आलो होतो," तो बोलत सुटला. "घाई होती. खालचं दार नीट लावलं नाही. मॅनेजर मला त्या पुलाजवळच्या ऑफिसात घेऊन गेला. तिथले वकील म्हणाले, खालचं दार उघडं राहिलं म्हणूनच वरचं उघडलं. लिफ्टची अशीच रचना असते म्हणाले. कोर्टात विचारलं शेवटी लिफ्ट कुणी वापरली, तर तू अडकशील, तुरुंगात जाशील. मग वहिनीकडे कोण बघणार? दादा तर गेलाच आहे, त्याला आता काय फरक पडतो? हे पान लिही. मी लिहिलं. त्याची सही मी केली. मग ते पाकिटं द्यायचे, मी वकीलकाकांची सही घेऊन काउंटरवर द्यायचो." तो थांबला. "रोज सकाळी उठलो की पहिलं तेच दार दिसतं मला, वहिनी."

ताईंनी डोळे मिटले. मला वाटलं आता त्या उठून जातील.

वकीलबाईंनी कपाटातून तपासणीचा अहवाल काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांना ते मोठ्यानं वाचणं जमलं नसतं, मला कळलं. मी चष्मा लावला.

"'तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप स्वतंत्र आहे,'" मी वाचलं. "'तळमजल्याचं दार उघडं असो वा बंद, त्याचा या कुलपाशी काहीही संबंध येत नाही. दार उघडण्याचं कारण कुलपाची सदोष जीभ हे एकच आहे.'"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"परत वाचा," तो म्हणाला.

मी परत वाचलं.

"म्हणजे मी..."

"नाही," मी म्हटलं. "तू दार सताड उघडं टाकून गेला असतास तरी काही झालं नसतं. तुझा काही संबंध नव्हता. त्यांना ते तेव्हाच ठाऊक होतं."

त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदका असा आला की बाहेरच्या खोलीतली टायपिस्ट उठून दारात आली. ताईंनी त्याला हात लावला नाही. पण उठूनही गेल्या नाहीत.

"उद्या कोर्टात हे सांगावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "खोटी सही केल्याबद्दल तुमच्यावर केस होऊ शकते. नोकरी तर जाईलच."

त्यानं तोंडावरचे हात काढले. "किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं.

७

कंपनीचे वकील उत्तम बोलले. एखाद्याला संधी मिळून तो हरला तर जगानं त्याच्यासाठी किती वेळा दार उघडायचं, असं काहीसं म्हणाले.

मग वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण केलं नाही. फक्त विनंती केली की जुन्या फाइलीतला दावा, कैफियत आणि आजचा अर्ज एकावर एक ठेवून बघावेत. न्यायाधीशांनी तीन कागद जुळवले आणि खिडकीच्या उजेडाकडे धरले. उजेड दोन्ही भोकांतून आरपार आला.

"हे मशीन तुमच्या ऑफिसात कधीपासून आहे?" त्यांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं.

"माहिती घेऊन सांगतो, साहेब. पुढची तारीख मिळावी."

मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. या प्रकरणात कुणीतरी तारीख मागितली होती.

तारीख मिळाली नाही. दीर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, पाकिटापासून सहीपर्यंत. कंपनीच्या वकिलांनी त्याला चार वेळा खोटारडा म्हटलं. तो चारही वेळा म्हणाला, "हो, तेव्हा होतो." दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी आदेश झाला. आधीचा निकाल संगनमतानं मिळवलेला दिसतो, वादीला लढायची खरी संधी मिळालेली नाही, सबब तो निकाल या दाव्याच्या आड येत नाही. दावा पुढं चालवावा. पुढची तारीख तीन महिन्यांनी.

जिन्याजवळ आम्ही चौघं थांबलो. ताईंनी वकीलबाईंचा हात धरला.

"म्हणजे ते वाक्य गेलं?"

"नाही, ताई," बाईंचा आवाज बसला होता. "ते अजून जुन्या निकालात आहे. आज एवढंच ठरलं की ते तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही. चूक कुणाची, ते आता पहिल्यापासून सुरू. वर्षं लागतील. मी खोटं सांगणार नाही."

ताईंनी मान डोलावली. मला वाटलं त्या रडतील, पण त्यांनी पर्समधून फोन काढला आणि मुलीला लावला. पलीकडून एकच प्रश्न आला असणार.

"नाही गं, जिंकलो नाही," ताई म्हणाल्या. "पण आता हरलेलोही नाही." मग थोडं ऐकून घेतलं. "हो, ते पान खोटं होतं. बाबांची सही नव्हती ती. कुणी केली होती?"

त्यांनी मान वळवून बघितलं. दीर दोन पायऱ्या खाली, भिंतीला टेकून उभा होता. त्यांनी हात लांब करून फोन त्याच्यापुढं धरला.

"काका सांगेल तुला," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

त्यानं फोन घेतला, कानाला लावला. मी आणि वकीलबाई खाली उतरायला लागलो. ताई मात्र त्याचं सांगून होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.